‘कसंतरी होतं’ची वेळ

अतिचंचल आणि लक्ष न टिकणाऱ्या मुलांच्या, म्हणजे एडीएचडी असलेल्या मुलांच्या औषधांबद्दल पालकांशी बोलताना एक शब्द हमखास आडवा येतो. तो शब्द ‘चिंता’. प्रश्नावल्यांच्या मराठी भाषांतरात तो सगळीकडे असतो: मूल चिंताग्रस्त दिसते का, वारंवार चिंता करते का. मराठी घरात मात्र चिंता हा मोठ्यांचा शब्द आहे. चिंता असते खोलीच्या भाड्याची, पुनर्विकासाची, मुलीच्या लग्नाची. आठ वर्षांच्या मुलाला चिंता आहे का, असं विचारलं की आई सहज म्हणते, त्याला कसली चिंता, चिंता आम्हाला. आणि प्रश्नावलीत ‘नाही’वर खूण होते. तेच मूल घरी रोज सांगत असतं की पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, शाळेत जाताना नको वाटतं. सगळ्यात जास्त वेळा ते सांगतं की कसंतरी होतं. परळ-लालबागच्या पट्ट्यात मुलांच्या मानसिक आरोग्याचं काम करताना माझ्या वाट्याला गोळी लिहून देण्याचं काम येत नाही, ते डॉक्टरांचं. माझ्या वाट्याला येतं गोळीच्या आधीचं आणि गोळीनंतरचं मूल, त्याच्या आईच्या तोंडची हकिगत आणि शाळेच्या डायरीतले शेरे. इतक्या वर्षांच्या या नोंदींतून माझं एक मत पक्कं झालं आहे. गोळीने मूल घाबरट होतं का, या प्रश्नाचं सरसकट उत्तर नाही. ‘कसंतरी होतं’ हे दिवसाच्या कोणत्या वेळी होतं, याला मात्र उत्तर असतं, आणि पुढचा निर्णय त्यावर घ्यावा लागतो. ती वेळ आपण विचारत नाही.

आधी औषधाबद्दल. आपल्याकडे एडीएचडीसाठी उत्तेजक औषध म्हणजे व्यवहारात मेथिलफेनिडेट. बाझेलच्या सिबा कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझोन यांनी ते १९४४ मध्ये तयार केलं, आणि पत्नी मार्गेरिट म्हणजे ‘रिटा’ हिच्या नावावरून त्याचं रिटालिन हे नाव पडलं. उत्तेजकाने चंचल मूल शांत होतं हे त्याही आधी, १९३७ मध्ये, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन देऊन पाहिलं होतं. पालकांना हे उलटं वाटतं. जे आधीच धावतंय त्याला आणखी उत्तेजक कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. मेंदूच्या पुढच्या भागाला, जो थांबायला, वाट पाहायला, हातातलं काम धरून ठेवायला शिकवतो, डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही रसायनं पुरेशी लागतात. मेथिलफेनिडेट त्यांचं परत शोषलं जाणं अडवतं, म्हणून ती तिथे जास्त वेळ टिकतात. पण हेच नॉरअॅड्रेनालिन भीतीच्या वेळी छाती धडधडवतं. रसायन थोडं वाढलं तर लक्ष लागतं, फार वाढलं तर मेंदूचा तोच भाग गोंधळतो आणि शरीराला धोक्याची सूचना मिळते. म्हणजे फायदा आणि धास्ती या दोन वेगळ्या वाटा नाहीत, एकाच वाटेवरचे दोन टप्पे आहेत. कोणत्या मुलाचा कोणता टप्पा किती मिलिग्रॅमला येईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच डोस लहान ठेवून सुरुवात करायची आणि आठवड्या-आठवड्याने वाढवायचा, असा शिरस्ता आहे.

आता पुरावा. पालकांना जे ठाम वाटतं, त्याच्या तो बराचसा उलट जातो. २०१५ मध्ये एडीएचडीच्या मुलांवरच्या २३ अभ्यासांचं, एकूण २,९५९ मुलांचं, एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात उत्तेजक घेणाऱ्या मुलांत चिंतेच्या तक्रारीचा धोका नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी निघाला. जास्त नाही, कमी. दुसरीकडे, अनेक वर्षं रिटालिनच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असे की ज्याला तीव्र चिंता, ताण, अस्वस्थता आहे त्याला हे औषध देऊ नये. त्याच २०१५ सालच्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने १८५ चाचण्या तपासल्या. औषध घेणाऱ्यांत गंभीर नसलेले दुष्परिणाम अधिक आढळले, पण त्यांत पुढे होते झोपेचा त्रास आणि भूक मंदावणं. याखेरीज आणखी एक गोष्ट जुन्या अभ्यासांपासून पुन्हा पुन्हा दिसते: नखं खाणं, रडवेलं होणं, काळजीत असणं, या ज्या गोष्टी आपण गोळीच्या खात्यावर टाकतो, त्या नकली गोळी घेणाऱ्या मुलांतही मोठ्या प्रमाणावर असतात, कारण त्या मुळात त्या मुलात होत्याच. गोळी सुरू झाल्यावर आई त्याच्याकडे पहिल्यांदा बारकाईने पाहू लागते, आणि जे कालपर्यंत नजरेआड होतं ते आज दुष्परिणाम म्हणून समोर येतं.

हे वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्नच कुठे उरला? सरासरीने चिंता कमी होते, तर पालकांना धीर द्यायचा आणि पुढे जायचं. माझा आक्षेप इथेच आहे. सरासरी म्हणजे बेरीज-वजाबाकी. शंभर मुलांतल्या तीसजणांची धाकधूक कमी झाली आणि दहाजणांची वाढली, तरी सरासरी कमी झाली असंच म्हणते. माझ्यासमोर सरासरी बसत नाही, एक मूल बसतं, आणि ते तीसमधलं आहे की दहामधलं हे त्याच्याच दिवसातून शोधावं लागतं. अभ्यासांनी आपल्याला एक मोलाची गोष्ट दिली: गोळी सुरू असताना भीती दिसली, म्हणजे ती गोळीचीच, असं धरून चालू नका. पण गोळीची नसेलच असंही त्यांनी म्हटलेलं नाही. डॉक्टरांना पहिलं वाक्य पटकन पटतं, पालकांना दुसरं, आणि मूल या दोघांच्या मध्ये राहतं.

शोध घ्यायचं साधन साधं आहे, घड्याळ. साध्या, लवकर विरघळणाऱ्या मेथिलफेनिडेटचा परिणाम अर्ध्या-एक तासात सुरू होतो, साधारण दोन तासांच्या आसपास शिगेला जातो आणि तीन-चार तासांत ओसरतो. दिवसभर पुरणाऱ्या गोळ्या आठ ते बारा तास चालतात. इतका नेमका येणारा आणि जाणारा पाहुणा मानसोपचारात दुसरा क्वचितच सापडेल. धडधड आणि थरथर गोळीनंतर तासा-दीड तासाने येते, दुपारपर्यंत जाते आणि शाळा नसलेल्या रविवारीही त्याच वेळी येते, तर बोट गोळीकडे, बहुतेक वेळा डोसच्या आकाराकडे दाखवावं लागतं. तो कमी करून पाहण्यासारखी गोष्ट आहे, औषध फेकून देण्यासारखी नाही. उलट त्रास गोळी ओसरताना होत असेल, म्हणजे दुपारी घरी आल्या आल्या मूल चिडतं, रडतं, कशालाही घाबरतं आणि तासाभरात सावरतं, तर तो औषध कमी पडल्याचा त्रास आहे. तिथे डोस घटवला तर तो वाढतो. बाहेरून दोन्ही मुलं सारखीच दिसतात आणि आई दोन्हींना एकच शब्द वापरते, बिथरलाय. एका मुलाला कमी द्यायचं असतं, दुसऱ्याला अधिक वेळ पुरणारं, आणि वेळ न विचारता हा निर्णय घेणं म्हणजे अंदाज बांधणं.

तिसरा प्रकार माझ्या दृष्टीने सर्वांत नाजूक, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. काही मुलांत भीती गोळीच्या तासांशी जुळतच नाही. ती रविवारी संध्याकाळी येते, चाचणीच्या आदल्या रात्री येते, पालकसभेच्या दिवशी येते. पण गोळी सुरू होण्याआधी ती नव्हती, यावर घरचे ठाम असतात, आणि ते खोटं बोलत नसतात. आधी या मुलाला वर्गात काय चाललंय ते पुरतं ऐकूच येत नव्हतं. बाईंनी नाव घेतलं, मुलं हसली, वही परत आली, सगळं त्याच्या कडेने वाहून जायचं. औषधाने लक्ष टिकू लागलं आणि तिसरीच्या मुलाला पहिल्यांदा कळलं की शेजारचा मुलगा पूर्ण परिच्छेद लिहितो आणि आपला अजून पहिल्या ओळीवर अडलाय. ही भीती गोळीने रसायन म्हणून निर्माण केली नाही, तिने फक्त पडदा बाजूला केला. हिच्यावर उपाय डोस कमी करण्यात नाही, मुलाची दोन वर्षांची राहून गेलेली शिदोरी भरून काढण्यात आहे. वाचन, पाढे, सुटं अक्षर, आणि ते करताना कोणीतरी शेजारी बसणं. ‘गोळीने मुलगा भित्रा झाला’ म्हणून औषध बंद करणारे घरचे इथे मुलाला पुन्हा त्या पडद्यामागे पाठवतात. भीती खरंच जाते. त्याबरोबर वर्गही जातो.

घड्याळाचा मुद्दा गिरगाव, दादर, परळच्या शाळांत आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण इथल्या कित्येक मराठी शाळा जागेअभावी दोन पाळ्यांत भरतात. सकाळची शाळा सातच्या सुमारास, दुपारची साडेबाराच्या आसपास. औषधाच्या कागदावर मात्र ‘सकाळी नाश्त्यानंतर’ हे ठरलेलं वाक्य असतं. दुपारच्या शाळेच्या मुलाने आठ वाजता साधी गोळी घेतली, तर प्रार्थनेच्या घंटेला ती ओसरत असते. म्हणजे औषध त्याच्या सर्वांत कमी गरजेच्या वेळी चढतं आणि उतरतीचा त्रास नेमका वर्गात होतो. मग शेरा येतो की मूल रडतं, घाबरतं, औषधाचा उपयोग नाही. नाश्ता हाही तपासण्याचा मुद्दा आहे. गिरणगावातल्या घरांत सकाळी चहा-चपाती किंवा चहा-खारी असते, आणि मुलांना अर्धा कप चहा देण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. चहातलं कॅफिन हेही उत्तेजकच, ते गोळीच्या धडधडीत भर घालतं. पुढे भूक मंदावल्यामुळे मधल्या सुट्टीतला डबा तसाच परत येतो, रिकाम्या पोटी हातपाय थरथरतात, आणि मुलाला ते भीतीसारखंच वाटतं. तिसरी गोष्ट झोप. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत मुलाची झोप मुलाच्या हातात नसते. टीव्ही बंद होईल, शेवटच्या पाळीवरचा माणूस जेवेल, तेव्हा दिवा मालवतो. त्यात दुपारी उशिरा दिलेल्या दुसऱ्या डोसमुळे झोप आणखी पुढे गेली, तर दुसऱ्या दिवशीच्या बेचैनीला गोळी थेट नव्हे, झोपेमार्फत जबाबदार असते. चहा बंद करून दूध, गोळीआधी पोटभर खाणं, दुसऱ्या डोसची वेळ अलीकडे आणणं, एवढ्याने ‘दुष्परिणाम’ विरघळताना मी सातत्याने पाहिलं आहे. सगळ्यांचाच विरघळत नाही, हेही तितकंच खरं.

आता अवघड भागाकडे येते. गोळीमुळे वाढलेली धास्ती लपून राहते, कारण ती बाहेरून सुधारणेसारखी दिसते. भिणारं मूल उठत नाही, मध्ये बोलत नाही, बाकावर हात ठेवून बसतं. साठ मुलांच्या वर्गात एवढं पुरतं. शिक्षिका खूश होतात, शेजारची तक्रार थांबते, चाळीच्या गॅलरीतला आरडाओरडा थांबतो, आणि डॉक्टरांना सांगितलं जातं की फरक आहे. कधी तरी आईच हळूच म्हणते, पुतळ्यासारखा बसतो हो. ते वाक्य केसपेपरवर उतरत नाही. औषध चालतंय की नाही हे ठरवणारी सगळी माणसं अशी आहेत की मूल गप्प झालं तर त्यांचा दिवस सोपा होतो. त्यात कुणाची वाईट भावना नसते, ही थकलेली माणसं असतात. पण म्हणूनच मुलाचा स्वतःचा शब्द नोंदवल्याशिवाय डोस ठरवणं मला मान्य नाही. शिक्षकांची प्रश्नावली वर्ग किती शांत झाला ते सांगते. आतून कसं वाटतं, हे सहा वर्षांचं मूलही सांगू शकतं, त्याच्या भाषेत विचारलं तर. मुलींच्या बाबतीत उलटी चूक होते. त्यांची धास्ती आधी दिसते, तिच्यावरच उपचार होत राहतात, आणि खाली दबलेला लक्षाचा प्रश्न आठवी-नववीपर्यंत कुणाला सापडत नाही.

हे लिहिण्यावर माझ्याच क्षेत्रातून एक गंभीर आक्षेप येतो: दुष्परिणामांची चर्चा पालकांसमोर केली की ते औषध बंद करतात, आणि उपचार न होण्याची किंमत जास्त असते. किंमत जास्त असते हे खरं आहे. डेन्मार्कमधल्या सुमारे १९ लाख लोकांच्या नोंदींवरचा २०१५ चा अभ्यास सांगतो की एडीएचडी असलेल्यांत अकाली मृत्यूचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होतं, आणि त्यात अपघातांचा वाटा सर्वांत मोठा. करी रोड, चिंचपोकळीच्या पुलांवरून, लालबागच्या रस्त्यांवरून रोज शाळेत जाणाऱ्या उतावळ्या मुलाच्या आईला हे आकड्याने सांगायची गरजही नसते. पण माझा अनुभव या आक्षेपाच्या उलट बाजूला आहे. पालक औषध बंद करतात ते माहितीमुळे नाही, अचानक बसलेल्या धक्क्यामुळे. धडधड होऊ शकते, ती अमुक तासात येते, आली तर असं करायचं, हे ज्यांना आधी सांगितलेलं असतं ते फोन करतात. ज्यांना सांगितलेलं नसतं ते गोळ्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतात आणि पुढच्या तारखेला येत नाहीत. त्यात हे औषध मिळवणंही सोपं नाही. मेथिलफेनिडेट औषध नियमांच्या परिशिष्ट एक्समध्ये येतं. दुकानाला त्यासाठी वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. नाक्यावरच्या प्रत्येक केमिस्टकडे ते मिळत नाही. साठा संपला की मधले चार-सहा दिवस कोरडे जातात, मग पुन्हा पूर्ण डोस सुरू होतो, आणि त्या पहिल्या दिवसाच्या धडधडीने घरचे घाबरतात. अशा घरात भीतीची वेळ लिहिलेली असेल तर निदान हे कळतं की अडचण औषधाची आहे की औषध मिळण्याची.

दुसरा आक्षेप वेळेचा. परळच्या आचार्य दोंदे मार्गावरच्या रुग्णालयांत सकाळी केसपेपरच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मी काय उत्तर देणार? मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत एका मुलाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात, आणि त्यात वजन, उंची, नाडी, रक्तदाब हेही व्हायला हवं. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना डोस बदलताना दर वेळी नाडी आणि रक्तदाब बघायला सांगतात, ते बरोबरच आहे. पण भीतीची नोंद ओपीडीत करायची नसतेच, ती घरी करायची असते. इथल्या जवळपास प्रत्येक मराठी घरात भिंतीवर कालनिर्णय असतं, आणि तारखेच्या चौकोनात दुधाचा खाडा, सिलिंडर आल्याचा दिवस लिहायची सवय असते. त्याच चौकोनात तीन गोष्टी लिहायच्या: गोळी किती वाजता, कसंतरी किती वाजता, शाळा होती की नव्हती. गोळी सुरू होण्याआधीचा एक आठवडाही असाच लिहायचा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? महिन्याचं ते पान फोनवर काढून आणलं, तर डॉक्टरांना ते वाचायला अर्धं मिनिट लागतं. लिहिता न येणारी आजी खूण करते, तेही चालतं. जिथे मोबाइल अॅप सुचवली तिथे दोन आठवड्यांत बंद पडली. भिंतीवरचं पान टिकतं, कारण ते रोज डोळ्यांसमोर असतं.

आणि हो, काही मुलांच्या त्या पानावर वेगळंच चित्र उमटतं: गोळीच्या आधीच्या आठवड्यातही रोज भीती, गोळीनंतरही तितकीच. एडीएचडीच्या प्रत्येक तीन-चार मुलांमागे एकाला स्वतंत्र चिंतेचा आजार असतो. कधी तर त्याची चुळबुळ हीच मुळात भीतीची असते आणि निदानच पुन्हा तपासावं लागतं. अशा मुलाला नुसतं उत्तेजक पुरत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७९ मुलांच्या अमेरिकन एमटीए अभ्यासात एकूण मुलांत नियमित, काटेकोर औषध हे वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. पण ज्यांना जोडीला चिंता होती, त्यांच्यात वर्तनोपचार औषधाच्या जवळपास बरोबरीला आला. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे वर्तनोपचार म्हणजे परवडला तर करायचा जोडधंदा अशी समजूत आहे. अॅटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय. ते उत्तेजक नाही, काही मुलांत लक्ष आणि चिंता दोन्हींना उपयोगी पडतं, पण त्याचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, आणि ते तासांच्या हिशेबात येत-जात नाही, म्हणून वर सांगितलेलं घड्याळ त्याला लागू होत नाही.

घड्याळाची खरी कसोटी लागते ती गणपतीत. लालबाग-परळची निम्मी वस्ती कोकणात उतरते, मूल दहा दिवस गावी, गोळ्या मुंबईत राहिलेल्या. परत आल्यावर घरचे सांगतात, गावी एकदम मस्त होता, कशाला घाबरला नाही, म्हणजे गोळीनेच होत होतं. पण गावी गोळी नव्हती तशी शाळाही नव्हती. दोन गोष्टी एकदम गेल्या की कुणामुळे बरं वाटलं ते सांगता येत नाही. त्यापेक्षा घरचा रविवार जास्त बोलतो, कारण त्या दिवशी गोळी असते आणि शाळा नसते. आणि परतीच्या सोमवारी गोळी आणि शाळा दोन्ही एकदम सुरू झाल्या, तर त्या दिवशीच्या धडधडीचाही अर्थ लागत नाही. म्हणून सुट्टीवर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यायला मी सांगते: गोळ्या सोबत न्यायच्या का, मध्ये खंड पडला तर किती डोसपासून पुन्हा सुरू करायचं, आणि जमलं तर गोळी शनिवारी, शाळा सोमवारी.